१९६५ च्या इम्पालामध्ये ४५४ चे बिग ब्लॉक इंजिन बसवावे का?

जिंतूररोड (परभणी)

नमस्कार. आमच्या घरी १९६५ सालची शेवरले इम्पाला आहे. सेलूला आजोबांची कापसाची जिनिंग होती. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या विकत असे, त्या विक्रीतून हैदराबादच्या एका गृहस्थांना ही गाडी मिळाली होती आणि त्यांच्याकडून ती १९७३ मध्ये आजोबांनी घेतली. स्टिअरिंग डावीकडे आहे, दारे चार आहेत आणि मूळ इंजिन २८३ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.६ लिटरचे व्ही-८ होते. ते मी पाहिलेले नाही. पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून १९८६ मध्ये वडिलांनी ते काढले, त्या जागी मॅटाडोरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स बसवून घेतला आणि नोंदणी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात तसा रीतसर बदलही करून घेतला. मूळ इंजिन कोणत्या भंगारात गेले ते आज कोणालाच आठवत नाही.

लग्नसराईत नवरदेवाला आणायला ही गाडी अजून मागितली जाते. ती निघते, पण पावणेदोन टनांच्या आसपासचे ते धूड त्या डिझेलवर ओढताना पाहवत नाही, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू असले की आरसा इतका थरथरतो की मागचे काही दिसत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका भंगार व्यापाऱ्याने मला ४५४ घनइंचांचे, म्हणजे ७.४ लिटरचे शेवरलेचे बिग ब्लॉक इंजिन दाखवले. ते एका जुन्या खासगी बोटीतून काढलेले आहे. किंमत साडेतीन लाख ठरली, पन्नास हजार विसार दिला आणि इंजिन लोखंडी चौकटीत बांधून आमच्या वाड्यात येऊन पडले आहे. उरलेले पैसे मी महिन्याभरात देणे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हे इंजिन या चेसिसवर बसेल का? गिअरबॉक्स कोणता लावावा? आणि आमच्या भागातल्या मे महिन्यात ते थंड राहील का? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. "स्वप्न पूर्ण करा" एवढेच लिहिणाऱ्यांचे आभार आधीच मानतो.

किनवट ते मिशिगन

जिंतूररोड साहेब, मी मूळचा किनवटचा असून गेली बावीस वर्षे मिशिगनमध्ये राहतो. सुटीच्या दिवशी एका जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये हात काळे करतो, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट असावा. बिग ब्लॉक म्हणजे नुसते जास्त क्षमतेचे इंजिन नव्हे, तो बीडाच्या ओतकामाचा वेगळा साचा आहे. शेवरलेच्या लहान ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर ४.४० इंच असते, मोठ्यात ते ४.८४ इंच असते. त्यामुळे मोठा ब्लॉक लांबीला, रुंदीला आणि वजनालाही वाढतो. आपण सांगता त्या घराण्यातले ३९६ घनइंचांचे इंजिन १९६५ मध्ये आले आणि त्याच वर्षी ते इम्पालाच्या मापाच्या गाड्यांत मिळू लागले, पुढे ४२७ आणि १९७० मध्ये ४५४ आले. इकडे लहान ब्लॉकला 'माऊस' आणि मोठ्याला 'रॅट' म्हणतात. आपल्या भाषेत उंदीर आणि घूस म्हणावे, आणि घूस घरात आली की काय काय पोखरते हे आपणास सांगायला नको.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या गाडीत कंपनीनेच ३९६ बसवले, तिच्या तोंडात ४५४ मावते, कारण बाहेरून दोन्ही सारखीच आहेत. इंजिनच्या कुशीतली फाउंडेशनची, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्या कंसांनी बसते त्यांची भोके लहान आणि मोठ्या ब्लॉकला एकाच जागी असतात, आणि मागे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाची भोकेही जुळतात. वजन मात्र जुळत नाही. बीडाचे लहान ब्लॉक इंजिन सगळ्या सामानासह सुमारे २६० किलो भरते आणि मोठे ३१० किलोच्या आसपास जाते. हा फरक सगळा पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणून पुढच्या स्प्रिंगा मोठ्या ब्लॉकसाठी असलेल्याच हव्यात.

गिअरबॉक्ससाठी टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक शोधावा. १९६५ मध्ये ३९६ च्या मागे शेवरलेने तोही दिला होता. आपल्या गाडीत मूळचा दोन गिअरांचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड असणार, तो या इंजिनापुढे दुबळा आहे. जीपचा गिअरबॉक्स तर पहिल्याच जोरात दात सोडील.

आता एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. ३९६ आणि ४२७ यांचे वजन आतल्या आत तोललेले असते, पण ४५४ चे तसे नाही. त्याच्या तोलाचा काही भाग पुढच्या डॅम्परवर, म्हणजे क्रॅंकच्या पुढच्या टोकावरच्या कंप शोषणाऱ्या चाकावर, आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतो. दुसऱ्या इंजिनाची फ्लायव्हील भोके जुळतात म्हणून लावली, तर इंजिन असे हादरते की बेअरिंगे थोड्याच दिवसांत जातात. आपले डॅम्पर आणि फ्लायव्हील त्याच इंजिनाचे आहेत का, हे आधी पाहावे.

लोखंडगल्ली (जालना)

मी फॅब्रिकेशन आणि लेथचे काम करतो. किनवटकर साहेबांनी इंजिनाबद्दल लिहिले, मी ते ज्याच्यावर बसणार त्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ कामांत इंजिन चांगले आणि चेसिस आजारी असते.

१९८६ मध्ये डिझेल बसवले म्हणता, तर त्या वेळी फाउंडेशनचे मूळ कंस कोणीतरी गॅसने कापले असणार आणि त्या जागी जवळ पडलेले अँगल वेल्ड केले असणार. डिझेल इंजिन जेवढे हलते तेवढे व्ही-८ हलत नाही, त्यामुळे चाळीस वर्षांची ती हलवाहलव त्या वेल्डिंगने सोसली आहे हे गृहीत धरावे. डिझेल उतरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. उतरवल्यावर चेसिस वायरब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासावी, तिच्यावर रॉकेलमध्ये भिजवलेले फडके फिरवावे, कोरडे पुसून खडू चोळावा आणि अर्ध्या तासाने पाहावे. जिथे तडा असेल तिथे आत शिरलेले रॉकेल खडूवर काळी रेघ ओढते.

त्यानंतर गाडी सपाट फरशीवर चार समान ठोकळ्यांवर घेऊन चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडावा, फरशीवर खुणा कराव्यात आणि तिरकस अंतरे मोजावीत. दोन कर्णांत पाव इंचाचा फरक असेल तर तो आधी काढून घ्यावा. मिस्त्री ओळंब्याला हसला तर मिस्त्री बदलावा.

काळीमाती (लातूर)

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला नम्रपणे विचारायचे आहे. आधुनिक डिझेल इंजिन संगणकासकट बसवून मिळते, लिटरला तेरा-चौदा किलोमीटर धावते आणि सामान कुठेही मिळते. शेवटी गाडी वापरायची आहे ना?

जिंतूररोड (परभणी)

काळीमाती साहेब, वापरायचीच असती तर घरात दुसरी गाडी आहे. ही गाडी मला ऐकायची आहे.

जालन्याच्या सल्ल्याप्रमाणे डिझेल उतरवले, त्याची हकीकत सांगतो, कारण ती कोणाच्या तरी कामाला येईल. आमचे उस्ताद वयाने सत्तरीचे आहेत आणि वाड्यातल्या कडुनिंबाला चेनपुली लावायला निघाले होते. मी आडवा पडलो आणि गावातून लोखंडी तिपाई आणवली. इंजिन जसे चार बोटे वर आले, तसा पुढच्या आडव्या चेसिसमधून करकर असा आवाज आला आणि गाडीचे नाक बोटभर वर सरकले. म्हणजे चाळीस वर्षे तो कंस इंजिनाला धरून नव्हता, इंजिनच कंसाला धरून होते. खाली वाकून पाहिले तर डाव्या बाजूच्या अँगलच्या वेल्डिंगखाली चेसिसला वीत-दीड वीत लांब तडा होता, आणि तो झाकायला कोणीतरी डांबर फासले होते. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पत्र्याला क्लचच्या पेडलसाठी भोसका पाडून त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट केला होता. आतल्या बाजूने अजून "शुद्ध" हा शब्द वाचता येतो. काम त्या काळच्या ज्या गॅरेजने केले ते आज नाही, आणि असते तरी वडिलांनीच "स्वस्तात करा" म्हटले होते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी.

इंजिन आणि जीपच्या गिअरबॉक्समध्ये घरी कापलेली जोडपट्टी होती. तिच्या भोकांत दोन ठिकाणी पत्र्याच्या चकत्या घातलेल्या निघाल्या, म्हणजे क्रॅंक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट कधीच एका रेषेत नव्हते. आरसा का थरथरत होता ते उस्तादांना आणि मला एकदमच समजले. उस्ताद एवढेच म्हणाले, "मॅटाडोर बिचारी बदनाम झाली."

औट्रमघाट (कन्नड)

मी व्यवसायाने चालक आहे आणि चाळीसगाव-कन्नड घाट माझ्या रोजच्या वाटेवर आहे. इंजिन किती जोरात पळवते हा आपला प्रश्न आहे, माझा प्रश्न ते थांबते कुठे हा आहे.

१९६५ च्या इम्पालाला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. याचा अर्थ कोणत्याही एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला किंवा एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. अमेरिकेत दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर १९६७ पासून सगळ्या गाड्यांना आला. तेव्हापासून पुढचा संच गेला तरी मागचा उरतो. ड्रममध्ये दुसरी अडचण उष्णतेची आहे. घाट उतरताना सतत पाय ठेवला की ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनर्स गुळगुळीत होतात आणि पेडल कडक असूनही गाडी धरत नाही. जीपच्या गिअरबॉक्सचा खालचा गिअर टाकून आजवर आपण ती आवरत आलात, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर तेवढा आधार मिळणार नाही.

इंजिनाचे पैसे देण्याआधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत, रबरी होज सगळे नवे घ्यावेत. आजोबांच्या काळचा होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. मग पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. तसा एक होज मी स्वतः मांजरसुंब्याच्या घाटात अनुभवला आहे. चाकाच्या टोपीवर पाणी टाकल्यावर वाफ निघाली, आणि पाणी माझ्याकडे प्यायचेच होते.

जुना परवाना (धाराशिव)

आतापर्यंतच्या चर्चेत कोणी कागदाचे नाव काढलेले नाही, म्हणून मला थोडे रुक्ष लिहावे लागते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंड भरून सुटलो असे कोणी समजू नये, कारण खरी अडचण विम्याची आहे. पॉलिसीवर डिझेल आणि बॉनेटखाली ७.४ लिटर पेट्रोल असे असताना अपघात झाला, तर दावा नाकारण्याचे कारण आपणच त्यांच्या हाती दिलेले असते.

आता दुसरी बाजू. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, खासगी वापराची चारचाकी किंवा दुचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षांची असते, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांपुरतीच ती बाहेर निघते. मुख्य अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात हवे आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा.

आपली गाडी वयाने या तरतुदीत बसते. सध्याच्या डिझेलने ती बसत नाही आणि ४५४ नेही बसणार नाही, कारण १९७० मध्ये आलेले इंजिन १९६५ च्या गाडीत मूळचे असणे शक्यच नाही. २८३ परत बसवले तर मात्र आपण निर्मात्याच्या मूळ तपशिलाकडे परत येत आहात, असे लेखी मांडता येते. काहीही करण्यापूर्वी एमएच-२२ च्या, म्हणजे परभणीच्या परिवहन कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे; तोंडी "करा हो, बघू" याला तपासणीच्या दिवशी काहीही किंमत नसते. जाता जाता, कलम १२० प्रमाणे डावीकडच्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतली इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपले साइड इंडिकेटर लागतात ना?

जिंतूररोड (परभणी)

डावीकडचा लागतो.

वैशाखवणवा (परभणी)

आपल्याच गावचा असल्याने आपल्या तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो. माझे रेडिएटरचे दुकान आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ ते ४४ अंशांवर असतो आणि डांबरावरची हवा त्याहून तापलेली असते. रेडिएटरची सगळी ताकद आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. हवा वीस अंशांची असताना जो रेडिएटर पुरतो, तो ४४ अंशांत जवळपास दोन-तृतीयांशच काम देतो. त्यातून जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण एक-तृतीयांश भाग या पाण्यालाच वाहून न्यावा लागतो, आणि ४५४ पेट्रोल किती जाळते ते पुढे येतेच. डिझेलसाठी लावलेली दोन ओळींची जाळी इथे चालणार नाही. रेडिएटरच्या जागेत मावेल तेवढी रुंद, चार ओळींची तांबे-पितळेची जाळी लागेल. पंख्याभोवती पत्र्याचे आवरण हवेच, आणि पंख्याचे पाते निम्मे त्या आवरणाच्या आत व निम्मे बाहेर असावे. आवरण नसले की पंखा इंजिनातलीच गरम हवा फिरवत बसतो, आणि वरातीत गाडी पायी चालणाऱ्यांच्या वेगाने जात असताना नेमके हेच होते. झाकण मूळ दाबाचेच घ्यावे. प्रत्येक पौंड दाबामागे पाणी उकळण्याचा बिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो, म्हणून काहीजण जास्त दाबाचे झाकण लावतात आणि मग जुन्या जाळीचे सांधे सुटतात. ते सांधे माझ्याकडेच येतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकू नये. आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री तो पहिल्या दिवशी काढून खिडकीत ठेवतो. तो नसला की इंजिन चालण्याच्या योग्य तापमानाला लवकर पोहोचत नाही आणि बराच वेळ गारच चालते.

इंधनाबद्दल. राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल म्हणून आपल्या परभणीचे नाव वर्तमानपत्रांत येतच असते. ४५४ चे इंजिन लिटरला तीन-चार किलोमीटर देते, म्हणजे संभाजीनगरला एकदा जायला पन्नास-साठ लिटर धरावेत. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरचे जुने वॉशर मऊ करते, ओलावा ओढून घेते आणि उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजवते. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्याने कार्बुरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ पडते आणि इंजिन आणखी तापते. जेट मोठे करावे लागतात. अतिरंजित वाटेल, पण सुरुवात टाकीपासूनच करावी लागेल.

किनवट ते मिशिगन

एक गोष्ट पहिल्या वेळी लिहायची राहिली आणि ती सर्वांत आधी लिहायला हवी होती. इंजिन बोटीतले आहे, हा शब्द मी घाईत वाचून पुढे गेलो.

बोटीतल्या इंजिनाचा ब्लॉक गाडीचाच असतो, पण अंगावरचे सामान वेगळे असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारे असतात, ते गाडीत निरुपयोगी आहेत. तेलाचे चेंबर बोटीच्या बुडासाठी घडवलेले असते, ते आपल्या आडव्या चेसिसवर टेकेल. पाणी थेट समुद्राचे फिरत असेल तर ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने खाल्लेल्या असू शकतात. ब्लॉकच्या बाजूचे पाण्याचे प्लग काढून आत तार घालून पाहावे आणि दाबाखाली पाणी भरून तपासणी करावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन सुलटे आणि दुसरे उलटे फिरणारे असू शकते, म्हणजे दोन पंखे एकमेकांचा ओढा तोलतात. उलटे इंजिन गाडीत बसवले तर पुढच्या गिअरवर गाडी मागे जाईल, इतके साधे ते नाही. ऑटोमॅटिकचा तेलपंपच उलट्या दिशेने चालत नाही. कॅमशाफ्ट, मागचे ऑइल सील, स्टार्टर हे सगळे बदलावे लागते आणि क्रॅंकवर सीलसाठी पाडलेल्या बारीक रेषाही उलट्या असतात. शेवरलेचे गाडीतले इंजिन पुढून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्याचा स्टार्टर काढून पिनियनच्या तोंडाकडून पाहिला, तर तोही घड्याळाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. उरलेले पैसे देण्यापूर्वी ती करावी, ही विनंती.

जिंतूररोड (परभणी)

उत्तराला तीन आठवडे लागले, क्षमस्व.

त्या रात्रीच स्टार्टर काढला. उस्तादांनी तो बाकाच्या शिकंजात धरला, मी ट्रॅक्टरची बॅटरी आणली आणि पिनियनवर खडूने एक खूण केली, कारण वेगात दिशा कळत नाही. पहिल्यांदा वायर टेकवली तेव्हा नुसतीच ठिणगी पडली. दुसऱ्यांदा पिनियन सुटले आणि खडूची खूण वरून डावीकडे गेली. मी म्हणालो की आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. उस्ताद काही बोलले नाहीत, त्यांनी भिंतीवरचे घड्याळ उतरवून बाकावर पिनियनशेजारी ठेवले आणि पुन्हा वायर टेकवली. सेकंदकाटा एकीकडे आणि पिनियन दुसरीकडे.

मधल्या काळात कोणी स्टार्टरच बदलला असेल, अशी एक आशा होती. म्हणून पुढचे टायमिंग कव्हर उघडले. गाडीच्या इंजिनात जिथे साखळी असते, तिथे एकात एक अडकलेली दोन दातेरी चाके निघाली. फोटो किनवटकर साहेबांना पाठवले, त्यांनी उलट्या फिरणीचे इंजिन असल्याचे सांगितले. कव्हर उघडेच आहे तर म्हणून पाण्याचा एक प्लगही काढला. आत बोट घातल्यावर तांबडा चिखल आला आणि चाखला तेव्हा खारट होता. चाखायला नको होता, हे मान्य.

व्यापाऱ्याला फोटो आणि स्टार्टरची चित्रफीत पाठवली. त्याने इंजिन परत नेले, वाहतुकीचे अठरा हजार कापून विसार परत दिला. त्यालाही हे ठाऊक नसावे, असे माझे मत आहे.

आता पुढचे. बिग ब्लॉकचा नाद मी सोडला आहे, आणि त्याचे कारण हे एक इंजिन उलटे निघाले एवढेच नाही. धाराशिवचे उत्तर मी दोनदा वाचले आणि मग चेसिसखाली जाऊन तो तडा पुन्हा पाहिला. या गाडीत एकदा परके इंजिन घालून झाले आहे आणि त्याची किंमत त्या आडव्या पट्टीने चाळीस वर्षे भरली. कार्यालयात अर्ज दिला आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाप्रमाणे २८३ चे पेट्रोल इंजिन बसवायचे आहे, असे त्यात लिहिले आहे आणि पोच घेतली आहे.

चेसिस जालन्याला लोखंडगल्लींकडे जाऊन आली. तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून, खाच करून वेल्डिंग भरले, आतून पट्टी दिली आणि मूळ कंसांच्या जागा घासून मोकळ्या केल्या. ओळंब्याने कर्णांत तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक निघाला होता, तो आता अर्ध्या सुतावर आहे. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसला आहे. विंटेज नोंदणीचा विचार असल्याने डिस्क न लावता ड्रमच नव्या लायनर्ससह ठेवले आहेत. औट्रमघाट साहेब रागावतील, पण घाटात मी ही गाडी नेणार नाही. टाकी आतून धुऊन घेतली, त्यातून ओंजळभर गंज आणि एक शर्टाचे बटण निघाले. उजवीकडचा इंडिकेटरही लागतो.

कोणाकडे १९६५ च्या आसपासचा २८३ चा ब्लॉक असल्यास निरोप द्यावा. ब्लॉकच्या मागच्या कडेवरचा ओतकामाचा क्रमांक आणि पुढे उजवीकडच्या पट्टीवर ठोकलेला शिक्का, या दोन्हींचे स्वच्छ फोटो आधी पाठवावेत. पसंत पडल्यास मी आणि उस्ताद स्वतः पाहायला येऊ. बॅटरी, खडू आणि घड्याळ आमचे आम्ही आणू.